दोन ठिपक्यांचं बॅरल

सकाळी शटर वर केलं तेव्हा तो पोरगा दारातच उभा होता. पन्हाळ्याकडच्या वाडीतला, दुधाचा धंदा असलेला. सोबत लाल यामाहा आरएक्स १००. गाठीचे टायर, वर उचललेलं मडगार्ड, बाजूनं पोट फुगलेला रेसिंगचा सायलेन्सर.

"मिस्त्री, रेसचं काम झालंय म्हणून जादा पैसं मोजलं. आन् चढाला मित्राची साधी गाडी मला मागं टाकती. कुठल्या गाढवानं केलंय बघा की हे."

मागच्या बोळात एक चक्कर मारली. कमी फेऱ्यांत इंजिनात जीवच नव्हता. हाफ क्लचवर रडतरखडत चालली, मग एकाएकी आवाज फाटला आणि मागून लाथ बसल्यासारखी सुटली. मातीच्या सपाट ट्रॅकवर याच लाथेचे पैसे असतात. पावसानं उखडलेल्या दगडी पायवाटेवर मात्र तिथं मागचं चाक नुसती माती उकरतं, नाहीतर गाडी बंद पडते.

इंजिन उतरवलं. हेड काढलं, बॅरल, म्हणजे सिलिंडर, वर ओढलं, पुसलं, आणि हात तिथंच थांबला. स्टडच्या भोकाशेजारी पंचचे दोन बारीक ठिपके. नवीन नवीन पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरची दारं (पोर्ट) फाईलनं कोरणं, शिकलो तेव्हा माझ्या हातच्या प्रत्येक बॅरलवर मी असे दोन ठिपके मारायचो. तेव्हा फार मिजास होती. दोन-तीन गाड्यांनी ट्रॅक मारला होता, मग जो येईल त्याचा एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं दार, मी वर सरकवून द्यायचो.

पोराला म्हटलं, "ते गाढव तुझ्यापुढंच उभं आहे."

तो हसला नाही. मग चहा मागवला.

टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे वॉल्व्ह नसतात, पिस्टनच दारं उघडतो नि झाकतो. एक्झॉस्टचं दार वर नेलं की ते लवकर उघडतं, गॅस बाहेर पडायला जास्त वेळ मिळतो, इंजिन वरच्या फेऱ्यांत मोकळं पळतं. पण खाली, हळू फिरताना, पिस्टनला नीट ढकलून होण्याआधीच दाब निसटतो. त्या पोट फुगलेल्या सायलेन्सरचं, म्हणजे चेंबरचंही तेच. धुराबरोबर पुढं गेलेली दाबाची लाट निमुळत्या भागावर आपटून मागं येते आणि बाहेर निघालेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये कोंबते. ही वेळ ठरावीक फेऱ्यांनाच जुळते. त्याखाली लाट घाई करून आधीच परत येते आणि असलेला खेळही बिघडवते.

डिग्री व्हील, म्हणजे कोन मोजायची चकती, लावून मोजलं तर एक्झॉस्ट १९० अंश उघडा. फाईलनं खाल्लेलं लोखंड परत येत नाही, आणि १९९६ सालीच बंद झालेल्या गाडीचं अस्सल बॅरल शोधायचं म्हणजे आणखी खर्च. मग उलटा विचार केला. पोर्ट खाली येत नसेल तर अख्खं बॅरलच खाली आणू. उद्यमनगरात ओळखीच्या लेथवर बुडातून १.२ मिमी उतरवलं. या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ५० मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५०, त्यामुळं एवढ्यात पाचेक अंश कमी होतात. ताजं मिश्रण आत येतं ते ट्रान्सफर पोर्टही सोबतच खाली बसतात.

पण आता पिस्टन तेवढाच वर डोकावणार. हेडला आतून खाच घेतली, पिस्टन नि हेडमधलं अंतर मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घातली, किक हातानं हळू फिरवली. चेपलेली तार मोजली तर ०.४५ मिमी. इतक्या जवळ ठेवलं असतं तर गरम झाल्यावर पिस्टननं हेडला मुका घेतला असता. पुन्हा लेथ, पुन्हा तार. दुपारी तीनला १ मिमी आलं तेव्हा कुठं डबा उघडला.

बाकीचं पटापट झालं. मोठा कार्बोरेटर काढून मूळचा २० मिमीचा बसवला, कारण रुंद नळीतून हळू जाणारी हवा पेट्रोल नीट उचलत नाही. कंपनीचा सायलेन्सर लावला. तो माळ्यावर धूळ खात पडला होता, कुणाचा कोण जाणे. पुढचं स्प्रॉकेट एका दातानं लहान केलं. ऑइल पंप कुणीतरी आधीच बंद केलेला, म्हणून पोराला बजावलं, पेट्रोलच्या लिटरला ३० मिली टूटी ऑइल, अंदाजपंचे नाही.

संध्याकाळी त्याच्या वाडीवरचा तोच चढ. मी मागं बसलो होतो, वजन माझं ८४ किलो. अर्ध्यात त्यानं सवयीनं क्लच दाबायला बोटं पुढं केली. "सोड," म्हटलं. दुसऱ्या गिअरवर गाडी धापा न टाकता, ट्रॅक्टरसारखी, दगडावरून दगडावर चढत वर गेली. वर जाऊन प्लग काढला. जरा काळाच होता, म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणून कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर घेतली.

मजुरी घेतली नाही, लेथचे तेवढे घेतले.

आठवड्यानं त्याचा फोन. "मिस्त्री, चढाला नाद नाय करायचा! पण हायवेला सत्तरच्या वर नुसती किंचाळती की."

"मग हायवेला एसटीनं जा," म्हटलं आणि फोन ठेवला.