नोलच्या लेकी

लंडन ब्रिजहून सेव्हनओक्सला जायला जेमतेम अर्धा तास लागतो. स्टेशनपासून गावातला चढ चढत गेलं की सेंट निकोलस चर्चच्या समोर एक साधासा रस्ता आत वळतो. त्या रस्त्यावर गाव एकदम संपतं आणि हजारभर एकरांचं हरणांचं रान सुरू होतं. हरणं माणसांना इतकी सरावली आहेत की पायवाटेवरून उठायचेही कष्ट घेत नाहीत. टेकाड ओलांडलं आणि समोर नोल दिसलं, सॅकव्हिल घराण्याचं जुनं प्रचंड घर, करड्या दगडाचं, एखाद्या गढीवजा गावासारखं पसरलेलं. ३६५ खोल्या, ५२ जिने, ७ चौक अशी त्याची ख्याती सांगतात.

मी हे घर बघायला गेले ती इंग्रज लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्टसाठी. ती १८९२ साली याच घरात जन्मली आणि याच घरातल्या चॅपलमध्ये १९१३ साली तिचं लग्न झालं. आईवडिलांची ती एकुलती एक. १९२८च्या जानेवारीत वडील गेले आणि लॉर्ड सॅकव्हिल हा किताब, त्याच्यासोबत हे सगळं घर, तिच्या काकांकडे गेलं. कारण एकच, ती मुलगी होती. तिला तोवर दोन मुलगे झाले होते, पण मुलीच्या मुलांनाही तिथे जागा नव्हती.

घराची सुरुवात आर्चबिशप बोर्चियरनं १४५६ साली केली. पुढे आठव्या हेन्रीनं ते आर्चबिशपांकडून काढून घेतलं, एलिझाबेथच्या काळात ते थॉमस सॅकव्हिलकडे आलं. १६०४ साली तो अर्ल ऑफ डॉर्सेट झाला. मोठा जिना त्याच्याच काळातला. कठड्याच्या खांबांवर घराण्याची निशाणी असलेले बिबटे पुढच्या पंजात ढाल धरून बसलेत. भिंतीवरही तोच जिना रंगवलाय, खांब आणि बिबट्यांसकट, त्यामुळे चढताना दोन्ही बाजूंनी ते आपल्याकडे बघतात. या घरात वर जायचं तर घराण्याच्या निशाणीला ओलांडूनच जावं लागतं.

वरच्या लांबच लांब गॅलऱ्यांमध्ये पडदे ओढलेले असतात. चारशे वर्षांची कापडं उन्हानं विरू नयेत म्हणून. डोळे सरावायला वेळ लागतो आणि मग मखमलीच्या खुर्च्या, त्यांच्या झिजलेल्या झालरी, भिंतीवरचे चेहरे हळूहळू उमटतात. याच घरात थॉमसच्या नातवाची बायको, लेडी अ‍ॅन क्लिफर्ड राहायची. माझ्या मते नोलमधली सगळ्यात मोठी व्यक्ती हीच.

अ‍ॅन ही कम्बरलंडच्या तिसऱ्या अर्लची एकटी उरलेली मुलगी. १६०५ साली वडील वारले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्यांनी उत्तरेतल्या जहागिरी आपल्या भावाच्या नावे करून ठेवल्या होत्या. पण दुसऱ्या एडवर्डच्या काळापासून त्या जमिनी मुलगा-मुलगी न बघता थेट वंशजाकडे जातील असं ठरलेलं होतं, आणि अ‍ॅन त्याच आधारावर भांडत राहिली. नवऱ्याला जमिनीऐवजी रोख रक्कम हवी होती. त्यानं दबाव आणण्यासाठी तिच्या लहान मुलीला तिच्यापासून दूर नेलं. १६१७ साली खुद्द राजा जेम्सनं समोर बसवून ‘माझ्यावर सोडा’ म्हटलं, तरी अ‍ॅननं मान तुकवली नाही. राजानं निकाल काकांच्या बाजूनं दिला. तिच्या त्या वर्षांच्या रोजनिशीत नोलमधले एकटेपणाचे दिवस आहेत. शेवटी १६४३ साली चुलतभाऊ पुरुष वारसाशिवाय मेला आणि सगळी जहागीर तिच्याकडे आली. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. नंतर तिनं पडके किल्ले दुरुस्त करून घेतले आणि शहाऐंशीव्या वर्षापर्यंत आपल्या जमिनीवर राज्य केलं.

किताब आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नोलमध्ये फिरताना नीट कळतं. किताब राजाच्या सनदेत लिहिलेल्या वाटेनंच जातो, बहुतेक वेळा थोरल्या मुलाकडून थोरल्या मुलाकडे. घर कोणाला द्यायचं ते मृत्युपत्रात आणि घराण्याच्या करारांत ठरतं. १८१५ साली याच घराण्यातला डॉर्सेटचा चौथा ड्यूक एकविसाव्या वर्षी शिकारीत घोड्यावरून पडून गेला. ड्यूकपद दूरच्या भावाकडे गेलं आणि १८४३ साली संपूनही गेलं. घर मात्र त्याच्या बहिणींकडे राहिलं, मेरी आणि एलिझाबेथ. म्हणजे आज नोल या घराण्यात आहे ते दोन लेकींमुळे. पण एलिझाबेथच्या मुलाला १८७६ साली नवा बॅरन सॅकव्हिल किताब मिळाला आणि घर पुन्हा पुरुषांच्या ओळीत बांधलं गेलं.

व्हिटाच्या आईची गोष्ट तर ऐकवत नाही. व्हिक्टोरिया ही दुसऱ्या लॉर्ड सॅकव्हिलची मुलगी, पण आई पेपिता नावाची स्पॅनिश नर्तकी. पेपिताचं लग्न आधीच दुसऱ्याशी झालेलं, त्यामुळे मुलं अनौरस. व्हिक्टोरियानं चुलतभावाशी, म्हणजे किताबाच्या वारसाशीच लग्न केलं. वडील गेल्यावर तिचा सख्खा भाऊ हेन्री कोर्टात उभा राहिला, आईवडिलांचं लग्न झालं होतं, मीच खरा वारस. १९१० साली खटला चालला. नवऱ्याचा किताब वाचवायचा तर स्वतःचा जन्म अनौरस आहे हे भर कोर्टात सिद्ध व्हावं लागणार होतं, आणि तेच झालं. नवराबायको जिंकून परतले तेव्हा गावकऱ्यांनी घोडे सोडून त्यांची गाडी स्वतः ओढत नोलपर्यंत नेली म्हणे. सोळा-सतरा वर्षांच्या व्हिटानं ते सगळं पाहिलं असेल.

हे वाचताना मला साताऱ्याची आठवण येणं अपरिहार्य होतं. १८४८ साली छत्रपतींचं दत्तक अमान्य करून डलहौसीनं सातारा खालसा केलं. त्याच डलहौसीला दोन मुलीच होत्या. १८६० साली तो वारला आणि त्याचं मार्क्विसपद तिथेच संपलं, जुनं अर्लपद चुलतभावाकडे गेलं. ब्रिटनमध्ये दत्तक मुलाला असा किताब आजही मिळत नाही. राजगादीसाठी २०१३ साली कायदा बदलला, तिथे आता थोरली मुलगी भावाच्या मागे पडत नाही. किताबांना तो कायदा लागू नाही. सहाव्या लॉर्ड सॅकव्हिलना पाच मुली होत्या, तरी २००४ साली किताब पुतण्याकडे गेला. मला हे मान्य नाही, आणि कुणी परंपरा म्हणून समजावलं तरी मान्य होणार नाही.

नोल १९४६ साली नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आलं. सॅकव्हिल कुटुंब अजून एका भागात राहतं, बाकीचं बघता येतं. व्हिटासाठी मैत्रिणीनं, व्हर्जिनिया वुल्फनं, १९२८ सालीच ‘ऑर्लंडो’ ही कादंबरी लिहून कागदावर तरी ते घर तिला परत केलं. त्याचं हस्तलिखित आज नोलमध्येच आहे.

वेळ असेल तर सिसिंगहर्स्टही जोडून करा. व्हिटानं १९३० साली स्वतः विकत घेतलेली ही पडकी वास्तू, जिथे तिनं आणि नवऱ्यानं जगप्रसिद्ध बाग उभी केली. थॉमस सॅकव्हिलच्या बायकोचं, सिसिली बेकरचं, ते माहेर.