"पोराला ऐकू आलं काय ओ?"

ऑपरेशन थिएटरचे दार उघडून मी बाहेर आले की बाकावर बसलेले सगळे घर एकदम उठून उभे राहते. मंडळी खानापूरची असोत, निपाणीची असोत की चिकोडीकडच्या एखाद्या खेड्यातली, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, पोराला ऐकू आलं काय ओ?" कन्नड बोलणाऱ्या घरातून तोच प्रश्न "केळस्तैतेन्री?" असा येतो. बेळगावात ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून काम करताना या प्रश्नाचे खरे उत्तर देणे मला आत केलेल्या तपासण्यांपेक्षा नेहमीच अवघड गेले आहे. म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेत, मूल भुलीखाली असताना, आम्ही नेमके काय तपासतो ते एकदा सविस्तर लिहीत आहे.

इम्प्लांट हे श्रवणयंत्रासारखे आवाज मोठा करून देणारे साधन नाही. आतल्या कानात अडीच वेढ्यांची, शंखासारखी पोकळी असते. तिच्यात एक बारीक, लवचिक तार सरकवली जाते आणि त्या तारेवरची विजेची टोके, म्हणजे इलेक्ट्रोड, आवाज नसेपर्यंत पोहोचवणाऱ्या, पण निकामी झालेल्या केशपेशींना वगळून थेट ऐकण्याच्या नसेला उत्तेजन देतात. कंपनीनुसार ही टोके १२, १६ किंवा २२ असतात. सर्जन कानामागे छेद घेऊन, हाड कोरून, चेहऱ्याच्या नसेला लागून असलेल्या अरुंद वाटेने तिथवर पोहोचतात. तार आत गेली, की एवढा वेळ कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन उभ्या असलेल्या माझी पाळी येते. चुंबक असलेली कॉइल निर्जंतुक पिशवीत घालून सिस्टरच्या हाती दिली जाते आणि ती कातडीवरून इम्प्लांटवर टेकवली, की आतल्या यंत्राशी माझा संपर्क जुळतो. तार बसल्यानंतर मोनोपोलर कॉटरी (रक्तस्राव थांबवण्याचे विजेचे एक साधन) वापरायची नसते, कारण तिचा प्रवाह इम्प्लांटमधून जाऊन यंत्राला आणि नसेलाही इजा करू शकतो. ती बंद असल्याची खात्री मी दर वेळी तोंडी विचारून करून घेते.

पहिली तपासणी इम्पिडन्सची, म्हणजे प्रत्येक टोकापाशी प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याची. अडथळा फार वाढला तर ते टोक तुटले आहे किंवा त्याला द्रवाचा स्पर्श नाही, आणि फारच कमी भरला तर दोन टोके आपसांत चिकटली असावीत, असा अर्थ निघतो. मागच्या पावसाळ्यात एका पावणेदोन वर्षांच्या मुलीच्या तपासणीत शेजारशेजारची दोन टोके पडद्यावर लाल दिसली. तारेबरोबर हवेचा बुडबुडा आत गेला की असे होते, हे ठाऊक असूनही त्या काही मिनिटांत माझ्या हाताला घाम सुटला होता. थोडे थांबून पुन्हा मोजल्यावर एक टोक हिरवे झाले, दुसरे मात्र शेवटपर्यंत लालच राहिले. २२ पैकी एक टोक प्रोग्रॅमिंगमध्ये बंद ठेवता येते आणि त्याने मुलाचे फारसे अडत नाही. पण हे त्याच दिवशी आईवडिलांना सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. महिन्याभराने फाईलमध्ये वाचून त्यांना ते कळता कामा नये.

त्यानंतर नसेचे उत्तर पाहायचे. कोणती कंपनी त्याला एनआरटी म्हणते, कोणती एआरटी, तर कोणती एनआरआय, पण गोष्ट एकच आहे. एका टोकातून विजेचा अतिसूक्ष्म ठोका द्यायचा आणि नसेचे त्यावरचे उत्तर जवळच्या दुसऱ्या टोकाने टिपायचे. उत्तर मायक्रोव्होल्टमध्ये मोजावे लागते आणि ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत उमटून जाते. पडद्यावर रेषा आधी खाली झुकते, मग वर येऊन सपाट होते. प्रवाह वाढवत नेला की ही लाट मोठी होत जाते आणि ती ज्या पातळीवर पहिल्यांदा दिसते, ती आम्ही टिपून ठेवतो. जन्मापासून एकही आवाज न ऐकलेल्या मुलाच्या नसेने दिलेले ते पहिले उत्तर असते. इतकी वर्षे पाहूनही ती रेषा झुकताना माझा श्वास अडकतो.

याशिवाय एक तपासणी सर्जनच्या डोळ्यांनी होते. मोठा आवाज आला की कानातला एक चिमुकला स्नायू रिकिबीच्या हाडाला मागे ओढतो. तेच आकुंचन विजेच्या ठोक्यानेही घडवता येते. मी प्रवाह वाढवते, सर्जन सूक्ष्मदर्शकातून त्या स्नायूची पांढरी, दोऱ्याएवढी कंडरा पाहत असतात आणि ती लचकली की "हलली" एवढेच म्हणतात. यासाठी भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवावे लागते, कारण स्नायू सैल करणारे औषध अंगात असले तर काहीच हलत नाही आणि हुंगवण्याच्या भुलीनेही ही प्रतिक्षिप्त क्रिया दबते.

इतके सगळे बरोबर आले तरी एक्स-रे काढलाच पाहिजे, हे मी एका प्रसंगातून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी सर्व टोकांचे इम्पिडन्स ठीक होते, लाटाही दिसत होत्या आणि आम्ही समाधानाने आवरायला घेतले होते. ज्येष्ठ सर्जननी आग्रह धरला म्हणून फिल्म काढली, तर तारेचे टोक आत दुमडलेले दिसले. मूल टेबलावरच होते, त्यामुळे तार काढून पुन्हा बसवता आली. वेळ नाही म्हणून ती फिल्म टाळली गेल्याचे कानावर येते, तेव्हा मला मनापासून राग येतो.

आता दाराबाहेरच्या प्रश्नाकडे येते. लाट दिसली याचा अर्थ यंत्र चालू आहे आणि नस प्रतिसाद देते आहे, एवढाच होतो. मुलाला आवाज कळला, असा होत नाही. मूल भुलीखाली असते आणि कानामागे लावायचा, आवाज टिपणारा बाहेरचा प्रोसेसर अजून त्याला मिळालेलाच नसतो. उलट, टेबलावर एकही लाट न दिसलेली काही मुले पुढे प्रोसेसर सुरू झाल्यावर आवाजाला दाद देतात, म्हणून लाट नाही या एका कारणाने कोणाला घाबरवणेही योग्य नाही. टिपलेल्या पातळ्या खऱ्या उपयोगी पडतात त्या तीन-चार आठवड्यांनी, स्विच-ऑनच्या दिवशी. आवाज मोठा की लहान हे दीड-दोन वर्षांचे मूल सांगू शकत नाही, आणि नसेच्या त्या नोंदी हाताशी धरूनच आम्ही प्रवाह अगदी खालून हळूहळू वर नेतो.

त्या पावणेदोन वर्षांच्या मुलीच्या आज्जीला मी हे सगळे सांगितले. एक टोक बंद राहील हेही सांगितले. मुलीचे वडील तोवर कुंदा, म्हणजे बेळगावची मिठाई, आणायला निघालेच होते. आज्जीने त्यांचा हात धरून त्यांना थांबवले आणि मला विचारले, "मग मशीन लावायची तारीख कुठली ओ?" मी तारीख कागदावर लिहून दिली, तो कागद तिने चार घड्या घालून बटव्यात ठेवला आणि पोरीला वॉर्डात कधी आणणार, हे विचारायला ती सिस्टरकडे गेली.