आमची वाटचाल : पाट्यांपासून बोटीच्या काचेपर्यंत

जळगाव एमआयडीसीत आमच्या आजूबाजूला सगळे पाइपवाले नाहीतर चटईवाले. आम्ही अ‍ॅक्रिलिकवाले. म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या शीटची कामं करणारे. वडिलांनी दुकानांच्या पाट्या आणि सराफांच्या काउंटरवर धंदा उभा केला. मग फ्लेक्स आला, पाट्यांचा धंदा बसला. ओव्हन होता, कारागीर होते, म्हणून शीट वाकवायची कामं घ्यायला लागलो.

बोट आली ती नर्मदेकाठची. सरदार सरोवराचं पाणी चढल्यापासून अक्कलकुवा-धडगावकडच्या बऱ्याच पाड्यांना बोटीशिवाय भागत नाही. तिकडच्या एका मालकाने जुनी फायबरची बोट नव्याने करायला काढली होती. इंजिन झालं, रंग झाला, पुढची गोलाईची काच कुठे मिळेना. त्यांचं एकच म्हणणं, "भो, न फुटणारी टाका."

न फुटणारी म्हणजे पॉलिकार्बोनेट, हेही पारदर्शक प्लास्टिकच. विकणारे त्यावर हातोडा मारून दाखवतात. पण बोटीवर हातोडा कोण मारतो? मारतं ते ऊन. उन्हातले यूव्ही किरण अडवणारा थर नसला की पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं, आणि थर असला तर ओरखडा घासून काढायची सोय नाही, घासलं की थरच जातो. अ‍ॅक्रिलिक जोरात आपटलं तर तडकतं, हे खरं. पण ऊन वर्षानुवर्षं सोसतं, ओरखडे पॉलिशने जातात आणि ९२ टक्के उजेड आरपार येतो. लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली काच वायपर असलेल्या सपाट चौकटीला उत्तम, मात्र वजनाला दुपटीहून जास्त, आणि एका नगासाठी गोलाईचा साचा-भट्टी कोणाला परवडणार? मालकांना दोन्ही शीटचे तुकडे हातात दिले, तारेच्या घासणीने घासायला लावले. ते अ‍ॅक्रिलिकवर आले.

शीट ६ मिलिमीटरची, कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेली. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, स्वस्त पडते, पण तापवून वाकवल्यावर आत ताण धरते. जुन्या काचेवरून प्लायचा साचा केला, वर फलालीन ताणलं. ओव्हनमध्ये साधारण १६० अंशांना शीट ओल्या पापडासारखी लोंबायला लागते. हातमोजे घालून चौघांनी ती साच्यावर टाकायची, वरून पांघरूण घालायचं आणि निवेपर्यंत हात लावायचा नाही. घाईत पंखा लावला की काम वाया.

खरी गोम स्क्रूच्या भोकांत. एक मीटर अ‍ॅक्रिलिक ४० अंशांच्या फरकाने पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतं, आणि आपल्याकडची पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं, खाली रबरी वॉशर, आणि स्क्रू हाताने आवळलेला. ड्रिलचं टोक घासून बोथट करून घेतो, नाहीतर बाहेर पडताना चिरा पाडतं. देताना मालकांना बजावलं, साबणपाण्याने धुवा. पेट्रोल, थिनर लावाल तर बारीक चिरांची जाळी पडेल.

त्या बोटीनंतर ट्रॅक्टर-हार्वेस्टरच्या केबिनच्या बाजूच्या खिडक्या, मशिनांची गार्ड अशी कामं लागली. रस्त्यावरच्या गाडीची पुढची काच मात्र करत नाही, तिथं सेफ्टी ग्लासच पाहिजे. रावेर-फैजपूरकडचे केळीचे टेम्पोवाले तरी विचारायला येतात. त्यांना चहा पाजतो आणि काचवाल्याकडे धाडतो.