टेकडी सुरक्षित, कट्टा नाही

करोनाच्या साथीत महाराष्ट्रात 3 जून 2020 पासून बागा, मैदानं, टेकड्या आणि समुद्रकिनारे व्यायामासाठी खुले झाले. वेळ पहाटे 5 ते संध्याकाळी 7, व्यायाम एकट्याने, लहान मुलांबरोबर मोठं माणूस आणि जागा शक्यतो घराजवळची. ओपन जिमची उपकरणं, झोपाळे आणि बार वापरायला मनाई होती. तेव्हा टेकडी चढायलाच घाबरणारी माणसं खूप होती, आणि खाली उतरून कट्ट्यावर अर्धा तास बसणारीही. भीती चुकीच्या जागी होती. मोकळ्या हवेत श्वासातले कण लवकर विरतात. धोका वाढतो तो माणसं थांबतात तिथे, म्हणजे फाटकाशी, पार्किंगमध्ये, नळावर आणि कट्ट्यावर. श्वासातून पसरणारी साथ पुन्हा आली तरी हे बदलणार नाही.

पायवाटेवर समोरून कुणी आलं तर घाबरू नका. तोंड जरा वळवा, कडेला व्हा, जाऊ द्या. दोन-चार सेकंदांत फारसं काही होत नाही. त्याहून वाईट म्हणजे एखाद्याच्या मागे, त्याच रेषेत, त्याच वेगाने दहा-पंधरा मिनिटं चालत राहणं. एप्रिल 2020 मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या वायुगतिकीच्या अभ्यासकांनी संगणकावर हे मांडून पाहिलं होतं. चालणाऱ्याच्या मागे 4 ते 5 मीटर, धावणाऱ्याच्या मागे 10 आणि वेगात जाणाऱ्या सायकलच्या मागे 20 मीटर अंतर त्यांनी सुचवलं. त्यात लागण किती होते हे मोजलेलं नव्हतं, त्यामुळे आकडे पट्टीने मोजत बसू नका. पण समोरच्याच्या मागच्या हवेत राहू नये, हे पक्कं धरा. चढावर धाप लागते, तिथे अंतर आणखी वाढवा. पुढे जायचं असेल तर रुंद जागा येईपर्यंत थांबा आणि मग झटकन निघा.

मास्क फाटकापाशी आणि पायऱ्यांवर लावा. वर मोकळं असेल आणि नियम परवानगी देत असेल तर काढा. जोरदार व्यायामात मास्क घालू नये असं जागतिक आरोग्य संघटनेनेही जून 2020 मध्ये सांगितलं होतं, कारण घामाने तो ओला होतो आणि श्वास घेणं जड जातं. मास्क सक्तीचा असेल तर धावू नका. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला. कागदी पाकिटात दुसरा कोरडा मास्क ठेवा. झडप असलेला एन-95 नको, कारण त्यातून तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर जातो.

सोसायटीच्या बागेत सामूहिक योगासनं घ्यायची असतील तर जमिनीवर फक्कीने चौकोन आखा, दोन चटयांच्या कडांमध्ये किमान 6 फूट. नुसतं ‘लांब बसा’ म्हटलं की पहिल्या दहा मिनिटांतच माणसं बोलण्यासाठी सरकत जवळ येतात. कपालभाती आणि हास्यक्लबातलं मोठ्याने हसणं गटात नको. जोराने सोडलेल्या श्वासातून कण जास्त बाहेर पडतात. ही दोन्ही घरी करा.

बार आणि ओपन जिम वापरायची परवानगी असेल तेव्हा हात आधी आणि नंतर, दोन्ही वेळा साफ करा. घामेजलेल्या हातावर थेट सॅनिटायझर ओतलं की ते पातळ होतं. आधी स्वतःच्या नॅपकिनने हात पुसा, मग किमान 60 टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. उपकरणांची सफाई सोसायटीने करायची. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढा, कारण मळावर ब्लीच वाया जातं. बाटलीवर 4 टक्के हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी घेतलं की 1 टक्क्याचं द्रावण होतं. ते 10 मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्याने पुसून काढा, नाहीतर लोखंड गंजतं. द्रावण रोज ताजं करा. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. मल्लखांबाला 5 ऑगस्ट 2020 पासून परवानगी मिळाली, पण एरंडेल लावलेल्या त्या लाकडावर ब्लीच चालत नाही. तिथे चढण्याआधी आणि उतरल्यावर साबणाने हातपाय धुणं हाच उपाय. ते धुवायला पाणी मैदानातच हवं, याचा आग्रह आयोजकांकडे धरा.

ताप, खोकला किंवा घशात खवखव असेल त्या दिवशी बाहेर पडूच नका. आजार होऊन गेला असेल तर लक्षणं पूर्ण जाऊन किमान 7 दिवस उलटल्यावर सुरुवात करा, आणि पहिले दोन आठवडे फक्त सपाटीवर सावकाश चाला. छातीत दुखलं, धडधड झाली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा चढ चढू नका.