आधी कादंबरी, मग सिनेमा : निवेदकाच्या शोधातल्या नोंदी

‘पुस्तक सरस की सिनेमा?’ हा प्रश्न मी या खेपेपासून वहीतून काढून टाकला आहे. त्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं आणि त्यातून पुढे काही हाती लागत नाही. आता कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा अशा प्रत्येक जोडीखाली एकच प्रश्न लिहिते : पुस्तकात जो गोष्ट सांगत होता, तो पडद्यावर कुठे गेला?

कादंबरीत कुणीतरी सतत बोलत असतं, कधी ‘मी’ म्हणून, कधी नाव न सांगता. सिनेमात त्या माणसाला तेवढी जागा नसते. मग त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी उचलायचं असतं. एखाद्या नटाचा चेहरा ते उचलतो, कधी गाणं, कधी नुसतं उन्हात पडलेलं माळरान. हे शोधायचं तर पुस्तक आधी वाचलेलं असावंच लागतं. सिनेमा आधी पाहिला की त्यातल्या नटांचे आवाज पुस्तकभर कानात राहतात आणि निवेदकाचा स्वतःचा सूर ऐकूच येत नाही.

नव्यानं येणाऱ्यांसाठी पद्धत सांगते. पुस्तक संपलं की लगेच सिनेमा लावत नाही, काही दिवस मध्ये जाऊ देते. त्या काळात पुस्तक न उघडता, आठवेल तसे तीन प्रसंग लिहून ठेवते, जे गाळले तर गोष्टच उरणार नाही असे. मग सिनेमा एका बैठकीत, न थांबवता. दुसऱ्यांदा पाहताना मात्र वही आणि पुस्तक दोन्ही शेजारी, आणि हवं तिथे थांबवत. खरा आनंद मला या दुसऱ्या वेळी मिळतो.

बनगरवाडी

यंदाच्या सगळ्या जोड्यांत हिच्यावर सर्वांत जास्त पानं खर्च झाली. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी 1955 सालची आणि अमोल पालेकरांचा चित्रपट 1995 चा. मध्ये चाळीस वर्षं, आणि तरी पटकथा खुद्द माडगूळकरांची. लेखकानं आपलंच पुस्तक स्वतः पडद्यासाठी लिहून काढायचं असं फार थोड्या वेळा घडतं, म्हणून ही जोडी आपल्यासारख्यांनी चुकवू नये.

गोष्ट औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीतली. तरुण मास्तर तिथे शाळा चालवायला येतो, तर पोरं मेंढरांमागे गेलेली. सांगणारा मास्तरच. पण हा ‘मी’ स्वतःबद्दल फार कमी बोलतो. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, अंजी ही माणसं तो एकेक करून आपल्यासमोर उभी करतो आणि स्वतः बाजूला सरतो. पुस्तक वाचताना मास्तर कसा दिसतो हे मला एकदाही डोळ्यांसमोर आणावं लागलं नाही. आपण त्याच्या डोळ्यांनी पाहत असतो, त्याला पाहत नसतो.

पडद्यावर ही सोय नाही. मास्तरला चेहरा द्यावाच लागतो आणि तो चंद्रकांत कुलकर्णींचा आहे. म्हणजे वाडीकडे पाहणारा माणूस आता वाडीतल्या इतरांसारखाच आपल्यासमोर येतो. याचा परिणाम मला अंजीच्या चोळीच्या प्रसंगापाशी सगळ्यात जास्त जाणवला. अंजीनं सांगितलं म्हणून मास्तर तिच्यासाठी चोळी आणतो आणि कारभाऱ्याच्या मनात भलता संशय शिरतो. पुस्तकात मास्तरच सांगणारा, त्यामुळे त्याच्या मनात वाईट काही नाही हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं आणि कारभाऱ्याचा राग अन्यायाचा वाटतो. तोच प्रसंग बाहेरून पाहायचा झाला तर काय दिसेल? परगावचा एक तरुण आणि गावातली तरणी मुलगी. कारभारी काही अगदीच वेडा नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा पटलं. मी पुन्हा पुस्तकाकडे गेले आणि ती पानं कारभाऱ्याच्या बाजूनं वाचली. आधी पुस्तक वाचण्याचा हा लाभ आपण फारसा बोलून दाखवत नाही : सिनेमा आपल्याला त्याच पुस्तकाकडे दुसऱ्या दारानं परत पाठवतो.

दुसरा प्रसंग शेकूचा. त्याच्याकडे एकच बैल, म्हणून दुसऱ्या बाजूला त्याची बायको जुवाखाली. माडगूळकर हे सांगताना आवाज जराही चढवत नाहीत. वाक्यं छोटी, कोरडी, आणि म्हणूनच वाचणाऱ्याला पुस्तक क्षणभर मिटावं लागतं. असं दृश्य डोळ्यांना दिसलं की ते आपोआपच मोठ्यानं बोलू लागतं. लेखणी गप्प राहू शकते, कॅमेऱ्याला ते फार जड जातं. माझ्या तीन प्रसंगांत हा पहिला होता आणि आजही पुस्तकाचं पारडं मला इथे जड वाटतं.

शेवटच्या दुष्काळाबद्दल मात्र उलट. वाडी रिकामी होत जाते ते पुस्तकात वाचताना मी माणसं मोजत होते, कोण गेलं आणि कोण राहिलं. पडद्यावर जमीनच मोठी होत जाते आणि माणसं आपोआप लहान. मास्तरनं जे सांगायचं, ते तिथे माळानं सांगितलं आहे.

(पुस्तक लहान आहे, पण एका दिवसात संपवू नका. प्रकरण झालं की थांबा.)

श्यामची आई

इथे दोन सिनेमे आहेत, म्हणून वहीत तीन रकाने केले. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. प्रकरणांना प्रकरण म्हटलेलं नाही, ‘रात्र’ म्हटलं आहे, आणि अशा 42 रात्री आहेत. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या मित्रांना आईच्या गोष्टी सांगतो. लहानपणी वाचताना गोविंदा, राम, भिका यांचं सुरुवातीचं बोलणं बहुतेक जण ओलांडून थेट आईपाशी जातात. या वेळी मी ते सगळं थांबून वाचलं, आणि पुस्तकाचा गाभा मला तिथे सापडला. आई तर केव्हाच गेलेली आहे. आपल्याला भेटते ती मोठ्या झालेल्या श्यामच्या पश्चात्तापातून चाळून आलेली आई. पोहायला जायचं टाळून लपलेल्या पोराला ती शिंपटीनं झोडपते, तेव्हा मार खाणारा मुलगा आणि तो मार कृतज्ञतेनं आठवणारा पुरुष दोघंही एकाच वाक्यात असतात.

आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटात वनमाला आई आहेत आणि माधव वझे श्याम. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं. वनमालाबाईंची आई कुणाच्या आठवणीतली वाटत नाही. ती समोर उभी असते, कामात असते, रागावते, आणि तिला श्यामच्या आधाराची गरज नसते. पुस्तकात मला ती नेहमी थोडी दूर, पूजेच्या जागी ठेवल्यासारखी वाटायची. अत्र्यांनी तिला स्वयंपाकघरात परत आणलं, असं मी वहीत लिहिलं आहे.

2023 मध्ये सुजय डहाकेंनी तीच कथा कृष्णधवल रंगात केली आणि खुद्द साने गुरुजींना पात्र म्हणून आणलं. ती भूमिका ओम भूतकरांची. माझ्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर दुसऱ्या कुठल्या सिनेमानं दिलेलं नाही : निवेदक कुठे गेला? तो पडद्यावरच आला. तुरुंगातला माणूस आणि त्याला आठवणारी आई एकाच सिनेमात असल्यामुळे, आई कशासाठी आठवली जाते आहे हे कळतं. दोन्ही सिनेमे पाहायचे असतील तर जुना आधी पाहा.

शाळा

डहाकेंचंच नाव आलं म्हणून हे पुस्तक लगेच हाती घेतलं. मिलिंद बोकीलांची कादंबरी 2004 ची. तिच्यावरच्या डहाकेंच्या सिनेमाला 2011 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, आणि अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचा. आपल्या छंदासाठी हा दुसरा पुरस्कार जास्त मोलाचा.

आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, सांगणारा मुकुंद जोशी. त्याला आवडणारी शिरोडकर कादंबरीभर आपल्याला जोश्याच्याच नजरेतून कळते. ती कशी चालली, कुठल्या रस्त्यानं गेली, तिनं वळून पाहिलं का, एवढंच. ती स्वतः काय विचार करते हे जोश्याला माहीत नाही, म्हणून आपल्यालाही नाही. सिनेमात केतकी माटेगावकर समोर आल्या आल्या शिरोडकरला स्वतःचं मन मिळतं. एखादं वाक्य न बोलताही ती काहीतरी ठरवते आहे असं दिसतं. कादंबरीत हे शक्य नव्हतं आणि कादंबरीची सारी हुरहुर त्या न कळण्यातच होती. दोन्ही मला प्रिय आहेत, आणि दोन्ही एकत्र मिळणार नाहीत हेही मान्य आहे.

राहून गेलं ते मुलांचं बोलणं. बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत बसून चौघं जे बोलतात, त्यातला बराचसा भाग जोश्याच्या मनातल्या टिप्पणीसह येतो. ती टिप्पणी गेली की नुसते संवाद उरतात. शाळेत असलेल्या भाच्याला मी मुद्दाम पुस्तकच आधी दिलं आहे.

सिंहासन

अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, मिळून एक चित्रपट. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा विजय तेंडुलकरांची, साल 1979. दोन्ही पुस्तकं वाचूनच पाहायचं असं ठरवलं आणि ते फार बरं झालं, कारण दोन पुस्तकांतली कुठली माणसं ठेवली, कुणाला कुणाशेजारी बसवलं, हे पाहणं हाच एक अभ्यास आहे.

साधू स्वतः पत्रकार. त्यांचं निवेदन सगळीकडे फिरतं, मुख्यमंत्र्यांच्या दालनातून कामगारांच्या सभेत. तेंडुलकरांनी ते फिरणं दिगू टिपणीस या पत्रकाराकडे सोपवलं, आणि तो झाले निळू फुले. ज्यांना आपण दरडावताना पाहत आलो, ते इथे बहुतेक वेळ नुसते ऐकतात. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री आणि डॉ. लागूंचे दाभाडे यांच्यातला डाव मला दिगूच्या डोळ्यांत जास्त स्पष्ट दिसला. कादंबरीतला सर्वज्ञ निवेदक इथे बघणारा, दमत जाणारा माणूस झाला आहे. सगळं माहीत असणं माणसाला काय करतं, हे पुस्तकात नव्हतं एवढ्या जवळून इथे आलं. रूपांतराचा याहून चांगला नमुना माझ्या वहीत नाही.

थोडक्यात काही

‘जैत रे जैत’ : गो. नी. दांडेकरांची कादंबरी, पुन्हा जब्बार पटेल, 1977. निवेदन इथे ना. धों. महानोरांच्या शब्दांनी आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी उचललं आहे. गाणी ऐकतच वाढलो आपण, पण कादंबरी वाचून मग ऐकली की नाग्याचा हट्ट आणि लिंगोबाचा डोंगर त्यांत नव्यानं दिसतात.

‘नटरंग’ : आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधवांचा चित्रपट, 2010. गुणाचं पैलवानी शरीर आणि पुढे नाच्याचं शरीर, हा बदल पुस्तकात वाक्यांनी होतो. अतुल कुलकर्णींनी तो स्वतःच्या अंगावर केला आहे. त्यावर वेगळं लिहायला हवं.

‘चक्र’ : जयवंत दळवींची मराठी कादंबरी, 1981 चा हिंदी चित्रपट. वाचून झालं आहे, पाहायचा आहे. भाषा बदलल्यावर दळवींच्या निवेदकाचं काय होतं, ही उत्सुकता आहे.

पुढे

वाचनालयातून ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ मिळाली आहे. तिच्यावरून प्रभातनं 1937 मध्ये ‘कुंकू’ काढला, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाजच तेवढे वापरले आहेत. त्यामुळे या खेपेला दुसऱ्यांदा पाहताना एक रकाना नुसता आवाजांसाठी ठेवणार आहे. कादंबरी उद्यापासून सुरू करते.

‘उंबरठा’ मात्र अडला आहे. तो शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर आधारलेला, आणि ती कादंबरी मला अजून कुठे मिळालेली नाही. स्मिता पाटलांची सुलभा आधी पाहिली तर पुस्तकातली सुलभा मला कधीच दिसणार नाही, म्हणून थांबले आहे. कुणाच्या गावच्या वाचनालयात प्रत असेल तर जरूर कळवा, मी येऊन तिथेच बसून वाचेन.