नाशिकचा ध्रुवतारा आणि इक्वेटोरियल माउंट

इक्वेटोरियल माउंट म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा स्टँड; त्याचा मुख्य, म्हणजे ध्रुवीय अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. नाशिकचा अक्षांश जवळपास २०°. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर: हात लांब केला की दोन मुठींवर. शहराच्या दक्षिणेला दुर्बीण लावलीत, तर तो नेमका शहराच्या उजेडात बुडतो. उत्तरेला दिंडोरीच्या बाजूला गेलेलं बरं.

माउंटच्या अक्षाचा उंचीचा कोन २०° ला लावायचा तो दुर्बीण आणि तिचा तोल सांभाळणारी वजनं चढवण्याआधी. हा कोन बदलणाऱ्या समोरासमोरच्या दोन बोल्टपैकी एक सैल करा, मगच दुसरा आवळा. दोन्ही एकदम आवळले की बोल्ट वाकतो.

खरी डोकेदुखी वेगळीच. इतक्या कमी अक्षांशावर ध्रुवीय अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि वजनाची दांडी खाली येताना उत्तरेकडच्या पायाला धडकते. बरीच माहितीपत्रकं एक पाय उत्तरेला ठेवा म्हणतात, ते युरोपात ठीक. इथे माउंट परवानगी देत असेल, तर उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा येऊ द्या. नाहीतर जास्तीचं वजन लावून ते दांडीवर वर सरकवा.

नुसतं बघायचं असेल तर अचूकतेचा अट्टहास नको. अक्ष १° चुकला, तर तारा क्रांतीत (आकाशातल्या उत्तर-दक्षिण दिशेत) तासाला जास्तीत जास्त १६ कला (१ कला = १/६० अंश) सरकतो. ६५० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीची नेत्रिका लावली, की सुमारे २° आकाश दिसतं. तिथे ही सरक जाणवतही नाही. ५ मिमीच्या नेत्रिकेत मात्र शनी अर्ध्या-पाऊण तासात बाहेर जातो. फोटोसाठी मात्र अक्ष नेमका लावावा लागतो; त्याला ड्रिफ्ट पद्धत, म्हणजे ताऱ्याची सरक बघत अक्ष सुधारत जाणं, उपयोगी पडते.