आप्पांची खाट आणि ती पेटी

मागच्या दिवाळीनंतर आमच्या आप्पांना पेसमेकर बसवला, म्हणजे हृदयाचे ठोके नीट चालू ठेवणारं छोटं मशीन छातीत. कम्प्लीट हार्ट ब्लॉक होता, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला ठोक्याचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता, नाडी ३५ वर आलेली, शेतात दोनदा चक्कर येऊन बांधावरच बसले होते. ऑपरेशन नाशिकला झालं आणि आमचं गाव अमळनेर तालुक्यात, म्हणजे नुसतं मशीन चेक करायला जायचं तरी धुळ्यावरून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, म्हणून दवाखान्यातून एक पेटी दिली. खाटेजवळ प्लगला लावून ठेवायची, बस. रात्री आप्पा झोपले की छातीतलं मशीन वायरशिवाय त्या पेटीला माहिती देतं, बॅटरी किती उरली, हृदयात गेलेल्या वायरी नीट आहेत का, ठोके कधी बिघडले का, आणि पेटीतल्या सिमवरून ते सगळं दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर जातं. डब्याएवढी पांढरी पेटी, हिरवा लाईट. आईने तिच्याखाली क्रोशाचा रुमाल अंथरला.

सगळं छान चाललं होतं. मग आखाजी आली, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

ज्यांनी खान्देशातला मे महिना काढलाय त्यांना सांगायला नको, ४४-४५ डिग्री, रात्री बारालासुद्धा भिंती तापलेल्या. आप्पांनी दरवर्षीसारखी खाट गच्चीवर नेली. पेटी खाली खोलीतच.

११ दिवसांनी मला पुण्यात फोन आला, पेशंटचा डाटा येत नाहीये म्हणून. माझे हातपाय गार पडले. लगेच आप्पांना फोन लावला तर ते ओट्यावर चहा पीत होते, म्हणाले, "माले काय व्हयनं नई रे भो, घरमा झोप येत नई म्हनीसन वर निजस." तेव्हा लक्षात आलं, पेटी साधारण १० फुटांच्या आतच मशीनला पकडते, मध्ये स्लॅब असेल तर संपलंच.

त्या रात्री ते खाली झोपले आणि मशीनने साठवून ठेवलेलं सगळं एकदम गेलं. दुसऱ्या दिवशी परत फोन. त्या ११ दिवसांत एकदा काही तास एट्रियल फिब्रिलेशन झालं होतं, म्हणजे वरच्या कप्प्यांचे ठोके सैरभैर. आप्पांना काहीच जाणवलं नव्हतं. पण यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, लकवा मारू शकतो, आणि आप्पा ७४ चे, बीपी आहेच. डॉक्टरांनी बोलावून तपासलं आणि रक्त पातळ करायची गोळी चालू केली.

मला वाईट याचं वाटतं की पेटी देताना आम्हाला कोणीच विचारलं नाही, उन्हाळ्यात पेशंट झोपतो कुठे. आणि मीपण याच घरात वाढलोय, मलापण सुचलं नाही. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर आजच विचारा. आणखी एक, ही पेटी म्हणजे ॲम्ब्युलन्स नाही, समोर कोणी चोवीस तास बघत बसलेलं नसतं. चक्कर आली, छातीत दुखलं तर सरळ १०८.

आता खाट ओट्यावर आहे. खिडकीतून एक्स्टेंशन काढून पेटी उशाशी स्टुलावर ठेवलीय, रेंजही बाहेर जास्त चांगली येते. लाईट गेली की पेटी बंद पडते, म्हणून आई झोपायच्या आधी एकदा हिरवा लाईट बघून घेते आणि मला मिस्ड कॉल देते. पाऊस लागला की खाट आत येईल, पेटीपण.